ओदीलच्या दारावरची चेरी

प्रिय आई,

मी इथे फिर्मँ यांच्या शेतावर खुशाल आहे, दोन्ही वेळा गरम सूप आणि पाव मिळतो. कॉलेज सोडलं ते सोडलं, त्यावर आता रागावू नकोस.

एक गोष्ट मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेच्या पहिल्या दिवशी आवडत्या मुलीच्या दारावर फांदी बांधतात, तशी मी त्यांच्या मुलीच्या, ओदीलच्या दारावर चेरी बांधली. बाबांनी तुझ्या दारावर चेरीच बांधली होती ना? इथे चेरी बदनाम मुलीच्या दारावर बांधतात, हे मला कुठे ठाऊक!

पाव आणायला गेलेली ओदील रडत परतली. हसणाऱ्या एकाच्या मी कानाखाली वाजवली, त्याने बोभाटा वाढलाच.

तिचे वडील फिर्मँ म्हणाले, "हात आवर, पोरा. बांधलीस तू, सोडायचीही तूच. उद्या रविवारी, माणसं चर्चमधून निघताना."

काल शिडीवर चढून फांदी सोडली. खाली अख्खं गाव उभं होतं. "चूक माझी आहे, तिची नाही," एवढंच बोलता आलं.

खिडकीतून ओदील म्हणाली, "पुढच्या वर्षी आधी मला विचार, दीडशहाण्या."

आई, पुढच्या मेपर्यंत मी इथेच राहणार. बाबांना तूच सांग. त्यांचा खोकला थांबला का?

तुझाच तापट,
लुसियां