बुरशीवाल्या बाईचा सिनेमा

शहादा, ५ जानेवारी १९६०

सारंगखेड्याची जत्रा उरकून सिनेमाचा तंबू गावात आला. बाजाराच्या मोकळ्या जागेत खांब रोवणं चालू आहे. माझ्या अकरावी मॅट्रिकच्या वर्गात मुलींचं आज लक्ष नव्हतं. माझंही फारसं नव्हतं.

कमळ तेवढी वही उघडून बसलेली. कळसाडी गावची, गुजरांच्या घरची. इथे मावशीकडे राहून शिकते. बुरशीच्या आकृत्या माझ्यापेक्षा सुबक काढते, हे तिला अर्थात सांगितलेलं नाही. मॅट्रिकनंतर पुण्याला माझ्याच कॉलेजात सायन्सला जायचं म्हणते. तिच्या वडिलांनी, दशरथभाईंनी, अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही नाही. तापीकाठच्या एका घरून मागणी आलीय म्हणे.

७ जाने.

तंबूवाले बाबूमियाँ शाळेत हजर. हातात इंग्रजी पुस्तिका. "बाईजी, पिक्चर अंग्रेजी है. मला त्यातलं यस-नो तेवढंच समजतं. भोंग्यावरून गोष्ट सांगावी लागते, नहीं तो पब्लिक कनात फाडती." पुस्तिकेवरून मराठीत लिहून देते म्हटलं. अट एकच, माझं नाव घ्यायचं नाही. हेडसरांना कळलं तर माझी धडगत नाही.

घरी येऊन पान उलटलं आणि एकटीच हसत सुटले. हा सिनेमा मी पाहिलाय! पुण्याला, लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर, वत्सलाबरोबर, मॅटिनीला.

काय दिवस होते. आठवडाभर लॅब, स्लाइडी धुऊन सुरकुतलेली बोटं, केसांना सुद्धा फॉर्मेलिनचा वास. रविवारी दुपारी आम्ही दोघी सगळ्यात स्वस्त बाकावर. नाद असल्याच सिनेमांचा. रॉकेटं, उडत्या तबकड्या, घराएवढ्या मुंग्या. त्यात एखादी पांढऱ्या कोटातली बाई असायची, तिला बघायला जायचो. दुसरीकडे कुठे दिसणार होती आपल्यासारखी? हिंदी सिनेमात बाईने पांढरं घातलं तर ती नर्स, नाहीतर विधवा.

त्या बाईंचं सगळं ठरलेलं. पहिला अर्धा तास हुशार. मग हिरो तिचा चष्मा काढायचा, की बाई कामातून गेली. पुढे नुसत्या किंकाळ्या. वत्सला बोटांवर मोजायची आणि सहा झाल्या की मला कोपराने ढोसायची. मागचे लोक "श्श्" करायचे. आमचं हसू आवरायचं नाही.

वत्सलाला पत्र टाकायला हवं. किती महिने...

८ जाने.

लिहायला बसले. गोष्ट अशी. आकाशातून दगड पडतो, त्यातून बुरशी निघते, झाडं, घरं गिळत सुटते. लष्कर म्हणतं, बुरशीतला मोठा डॉक्टर बोलवा. मोटार येते, दार उघडतं, आणि उतरते बाई. साहेब लोक एकमेकांकडे बघतात. मग ती मायक्रोस्कोपला डोळा लावते. तीनच मिनिटं असतील, पण मान वाकवण्याची ढब अगदी आमची. तेव्हा अंगावर शहारा आला होता, आज आठवूनही आला.

मग चष्मा. मग किंकाळ्या. ती बेशुद्ध, हिरो उचलून नेतो. मिठाच्या पाण्याने बुरशी मरते हे त्याला, ज्याने जन्मात बुरशी बघितली नाही त्याला, धक्क्याने बादली सांडल्यावर कळतं. शेवटी बाई कोट खुंटीला टांगून त्याच्या मोटारीत बसते. समाप्त.

पुण्याचं अजून ठरवतोय त्या कमळच्या बापाला हे मी ऐकवू?

९ जाने.

नाही ऐकवत. बदललं. मिठाचं पाणी बाईने शोधलं. किंकाळी म्हणजे हुकूम, "मागे व्हा, हात लावू नका!" शेवटी ती लग्नाला हो म्हणते, पण उद्या सकाळी लॅबमध्ये हजर राहीन या बोलीवर. लिहिताना एवढी मजा आली की चहा दोनदा गार झाला.

कमळबरोबर निरोप धाडला. वडिलांना मंगळवारी संध्याकाळच्या पहिल्या खेळाला घेऊन ये, विज्ञानाचा सिनेमा आहे.

१३ जाने.

काल खेळ झाला. अख्खं गाव लोटलेलं. बायका कनातीच्या डाव्या अंगाला, पुरुष उजव्या. बाबूमियाँनी माझं लिखाण असं काही ठणकावून वाचलं की बाई मोटारीतून उतरली तशी बायकांनी टाळ्या पिटल्या. एक आजी म्हणाली, "हाई तं आपली बाईनी बहीण दिखस!" मी पदराआड हसले. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दशरथभाई पुढे बसले होते. पूर्ण वेळ गुडघ्यावर हात, हलले नाहीत. कापूसवाला माणूस, बुरशी म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको.

कमळने बाहेर पडताना विचारलं, "बाई, लॅब सोडायची नव्हती तर तिने कोट का टांगला?" घाम पुसायला असेल म्हटलं.

१५ जाने.

दशरथभाई शाळेत आले. फडक्यात वाळलेलं कपाशीचं झाड, मुळासकट. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभे.

"बेन, भोंगामाईन जे उनं, ते तुमनं लिखेल व्हतं ना?"

मी हेडसरांच्या दाराकडे बघितलं.

"मन्ही आंडेर, कमळ, घर बी अशीच बोलस, बुरशीना तंतू अन बुरशीनं बी." फडक्याची गाठ सोडली. "पन अर्धा खेळनंतर ती बाईनी दुर्बीणले हातच लाया नही. भोंगा म्हणे ती दवा शोधी ऱ्हायनी, अन पडदावर ती चहा ओती ऱ्हायनी. मी काय आंधळा शे?"

लाज वाटली. सगळं खरं सांगितलं, बादलीसकट. ते रागावले नाहीत. उलट थोडे हसलेच. मग म्हणाले, "मंग तुम्ही? तुम्ही बी पुनाले असाच कोट घालेल व्हता ना? मंग आठे, शहादामा, कशा?"

आई आजारी होती, मी म्हटलं. नेहमीचं उत्तर. त्यांनी मान हलवली आणि झाडाचं मूळ चिरून पुढे धरलं. आत तपकिरी रेषा. "ह्यामा काय शे ते तरी सांगा."

शाळेचा मायक्रोस्कोप कपाटातून काढला. भिंगावर दोन वर्षांची धूळ. कमळला हाक मारली. तिने पातळ काप घेतला, मी लावून बघितला. मर रोगाचीच बुरशी. किती दिवसांनी बघितली! ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. दशरथभाईंनीही डोळा लावला, बराच वेळ काढला नाही.

१७ जाने.

इथे तरी खरं लिहावं.

आई आजारी नव्हती. म्हणजे नंतर पडली. मी पुण्याच्या लॅबमध्ये सरांच्या हाताखाली दोन वर्षं काम करत होते आणि माझं बरं चाललं होतं. मग ते स्थळ. मुलगा इंजिनिअर, बोलायला गोड. म्हणाला, बुरशीत हात घालणारी सून आईला चालायची नाही. कुणी जबरदस्ती केली नाही. ऑगस्टमध्ये मी आपणहून राजीनामा लिहिला, सरांनी दोनदा परत केला, मी तिसऱ्यांदा ठेवून आले. ऑक्टोबरात मुलाकडच्यांना दुसरी मुलगी पसंत पडली.

वत्सला तेव्हा एवढंच म्हणाली, "अगं, असल्या बायांना आपण हसायचो ना." तेव्हापासून तिला धड पत्र नाही. ती अजून त्याच लॅबमध्ये आहे, खिडकीजवळच्या माझ्याच टेबलावर.

२ फेब्रु.

तंबू उठला. नवापूरकडे गेला. बाबूमियाँ निरोप घ्यायला आले. म्हणाले, तिकडेही तुमचीच गोष्ट वाचणार, पब्लिकला आवडते. खरी गोष्ट वाचा म्हटलं, तर म्हणाले, "खरी में मज़ा कहाँ है बाईजी?"

१५ जून

निकाल लागला. कमळ शाळेत पहिली. पेढे, मुलींचा गलका. हेडसर सगळं आपणच शिकवल्यासारखे हिंडत होते. दशरथभाई मात्र दिसले नाहीत.

१७ जून

संध्याकाळी बापलेक घरी आले. कॉलेजचा फॉर्म भरलेला, कमळच्या सुबक अक्षरात. सहीची जागा कोरी.

दशरथभाई पाणी प्यायले, पागोटं मांडीवर ठेवलं. "येकली पोरले मी पुनाले नही धाडाव. कोनाना भरवसावर धाडू? तुम्ही परत जातस का? तुमना त्या मोठा सरले कागद लिखा. तुम्ही तठे ऱ्हाशात तं मी आत्ते सही करस."

"आणि मी नाही गेले तर?"

"तं मंग त्या तापीकाठना लोकेस्ले मी हो सांगस. मी तुमले खोटं नही बोलाव, बेन."

एवढं बोलून फॉर्म टेबलावर ठेवला आणि बाजारात बैल बांधलेत, सकाळी सहीला येतो म्हणून निघून गेले. उद्याच्या टपालाने फॉर्म गेला नाही तर मुदत टळते.

कागद पुढे घेतला आहे. "आदरणीय सर" लिहून झालं. पाच वर्षं झाली. सर ओळखतील, पण जागा असेल का? आणि वत्सला. तिच्या शेजारी जाऊन उभी कशी राहू, तिसऱ्यांदा ठेवलेला राजीनामा मागे घ्यायला आल्यासारखी? इथे आईचं कोण बघेल? ती तर आतून म्हणतेय, माझं नाव पुढे करू नकोस, मी येते पुण्याला.

कमळ बाहेर ओट्यावर बसली आहे. मावशी वाट बघत असेल, जा, असं मी म्हटलं. उठत नाही.

"तुमचं लिहून होऊ द्या, बाई," म्हणते. "मी बसते."