कृष्णेच्या घाटावर मेलेल्या माणसाची वाटणी

मी, उन्मेष दत्तात्रय बापट, वय ६७, राहणार कनाटा, ऑन्टारिओ, कॅनडा, निवृत्त टेलिकॉम इंजिनिअर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. रक्तातली साखर वाढली आहे, अक्कल शाबूत आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, गाडी आणि बँकेतली शिल्लक श्रावणी चारुदत्त लेले हिला द्यावी. ती माझ्या नात्यातली नाही. माझ्या खुनाबद्दल तिचे वडील एकोणीस दिवस कोठडीत होते. हकीकत अशी.

मी मुलगी म्हणून जन्मलो, नाव प्रमिला. १९८० साली सांगलीत चारुदत्तशी माझं लग्न ठरवलं गेलं. साखरपुड्यानंतर फिरायला गेलो तेव्हा मी त्याला सांगितलं, मी बाई नाही आणि कोणाची बायको होणार नाही. तो एकटाच घरी गेला. मी घाटावर साडी सोडली, पिशवीत लपवून आणलेली थोरल्या भावाची, दादासाहेबांची, पँट चढवली आणि मुंबईची एसटी पकडली. साडी तिथेच टाकणं हा शुद्ध गाढवपणा. पोलिसांना साडी मिळाली, शेवटी सोबत दिसलेला माणूस मिळाला, फक्त प्रेत मिळेना.

मुंबईहून मी दादासाहेबांना रजिस्टर पत्र पाठवलं: जिवंत आहे, शोधू नका. त्यांच्या सहीची पोचपावती परत आली, पण त्यांनी पोलिसांपुढे तोंड उघडलं नाही. पुढे वर्तमानपत्रात चारुदत्तचं नाव वाचलं आणि मी त्याच पँटीत सांगलीच्या पोलीस ठाण्यात हजर झालो.

फौजदारांनी मयताशी नातं विचारलं. म्हटलं, "मयत मीच."

त्यांनी चारुदत्तला समोर आणलं. दाढी वाढलेली, सदरा अंगावर लोंबत होता. फौजदार म्हणाले, "हीच का ती?"

चारुदत्तने मला नीट पाहिलं. "हाच तो," म्हणाला.

तोवर मला कोणी 'तो' म्हटलं नव्हतं. मी ठाण्यातच ढसाढसा रडलो.

दादासाहेबांना बोलावलं, तर म्हणाले, आमच्या लेखी ती मेलीच. फौजदारांनी सुनावलं की लेखी मेलेल्यांचा पंचनामा होत नाही.

चारुदत्तने पुढे चाळीस वर्षं मला पत्रं लिहिली. श्रावणी इथे कॉलेजला आली तेव्हा तिला माझ्या बेसमेंटमध्ये पाठवलं. २०२१ साली तो गेला. कोठडीबद्दल त्याने एकदाही बोल लावला नाही, म्हणून ती बोच मला अजून आहे.

२. बर्फ हटवायचा स्नो ब्लोअर शेजारच्या तनयला. दोन विंटरपूर्वी नेलाय, तसाही परत देणार नाही.

३. माझे दिवस घालू नयेत. माझं तेरावं घरच्यांनी १९८० सालीच श्रीखंड करून उरकलं आहे.

४. दादासाहेब आता चौऱ्याऐंशीचे आहेत. गेल्या जानेवारीत त्यांचा फोन आला. म्हणाले, "प्रमे?" मी सांगितलं, उन्मेष बोलतोय. फोन ठेवतील असं वाटलं. मग म्हणाले, "बरं. उन्मेष, तिकडे थंडी फार आहे का रे?"

माफी मागितली नाही. मीही दिली नाही. अर्धा तास थंडीवर बोललो.

मी गेल्यावर श्रावणीने त्यांना फोन करून 'तुमचा भाऊ गेला' एवढंच सांगावं. 'कोण भाऊ?' म्हणाले, तर फोन ठेवावा. रडले, तर माझं विंटर जॅकेट त्यांना पाठवावं. सांगलीत ते घालता येणार नाही, पण असू दे.

सही: उन्मेष द. बापट
कनाटा, १४ नोव्हेंबर २०२४

आम्हा दोघांदेखत सही झाली. आम्हाला यातलं काही मिळणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.
साक्षीदार: १. शंतनु केळकर २. रुचा केळकर