दादाचे यंदाचे आवडते सिनेमे

दादा,
पेपरात तुझे ‘माझे यंदाचे आवडते सिनेमे’ वाचले. शी! किळस आली. पहिला नंबर धोबिणीच्या सिनेमाला? मध्यंतरानंतर तू माझ्या खांद्यावर चक्क घोरत होतास! शेवट तुला मी बसस्टॉपवर सांगितला. आणि लिहितोस काय, तर ‘तिने नवऱ्याचा शर्ट दोरीवरच राहू दिला, तेव्हा मला रडू आवरेना.’ रडले मी होते, दादा. माझं रडणंसुद्धा ढापलंस? लाज कशी वाटली नाही रे!

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. आजच्या सिनेमाचं तुझं तिकीट शेजारच्या काकूंना दिलंय. त्या निदान जाग्या राहतात. आणि मी परत आल्यावर ‘मला कसा वाटला?’ असं विचारायला येऊ नकोस.