चार पायऱ्यांचा फोटो

ताई,

बाबांच्या बॅगेत सापडलेली सहलीची पुस्तिका तू काल माझ्यासमोर आपटलीस. कंबोडियातल्या मंदिराच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती: ‘पायऱ्या सोप्या, ज्येष्ठांनाही सहज जमतील.’ तू म्हणालीस, “हे लिहिणाऱ्याचे हात झडोत.” मी मान हलवली आणि चहा गाळत राहिले.

ते मी लिहिलंय.

तुला वाटतं, मी सहलीच्या कंपनीत तिकिटं काढते. ठिकाणं न बघताच पुस्तिका लिहिते हे सांगायची लाज वाटायची. टोकियोपासून बालीपर्यंत अख्खा आशिया मी एका डुगडुगत्या खुर्चीत बसून, फोटो बघून लिहिला. त्या मंदिराच्या फोटोत खालच्या चारच पायऱ्या होत्या. वरच्या शिडीसारख्या उभ्या आहेत, हे बाबा तिथून पडून गेले तेव्हा तुझ्याच फोनवरून कळलं.

गुडघे धड नसताना ते हट्टाने का चढले, हे तू सगळ्यांना विचारत फिरतेस. माझं खरं काम एकट्या त्यांना माहीत होतं; न बघता लिहिते हे मात्र त्यांनाही नाही. निघताना मला म्हणाले, “तू लिहिलंयस ना, मग मी पार वरपर्यंत जाऊन येतो.”

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्यासमोर उभं राहून सांगायची तर मुळीच हिंमत नाही.

आणि माझे हात झडले नाहीत, ताई. आज साहेबांनी एका समुद्रकिनाऱ्याचा फोटो दिला. त्यात नुसती वाळू होती. मी लिहिलं, ‘समुद्र शांत, लहान मुलांनाही पोहता येईल.’

तुझीच,
धाकटी