वाटेकडे तोंड केलेल्या पेट्या

कोपरी, ४ नोव्हेंबर

ती. काळुराममामांस, करिश्माचा सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मधमाश्या पाळायचं शिकून झालं. सोसायटी गच्चीवर पेट्या ठेवू देत नाही. टिटवाळ्याला तुमच्या जागेत ठेवू का? सकाळचं ऊन, दुपारी सावली, जवळ पाणी हवं. पेटीसमोर माणसांची ये-जा नको. मला चिंचेखालचा कोपरा बरा वाटतो.

मामींना आणि तुळसामामीला नमस्कार. तुमची माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमची करिश्मा

टिटवाळा, १२ नोव्हेंबर

चि. करिश्मास अ. आ.

पोरी, विचारतेस काय, हक्काने ये. चिंचेखाली मुंग्या लय. विहिरीकडच्या पायवाटेला लागून ठेव, तोंड वाटेकडे. तुळसा आता तिथून येत नाही, तिला पलीकडून रस्ता झालाय. डोळे मिटून ठेव, मी आहे.

तुझा मामा

कोपरी, १५ डिसेंबर

ती. मामांस, सा. न.

काल कल्याणला हॉस्पिटलात तुळसामामीला बघायला गेलेले. वाटेवरच्या पेट्यांतल्या माश्या चावून तोंड सुजलंय, डोळे मिटलेत. पलीकडे रस्ता नाही, नाला आहे. धाकटे मामा गेल्यापासून ती पाण्याला याच वाटेने येते, आणि बिल्डरसाठी ती वाट सोड म्हणून तुम्ही तिच्या मागे लागलेलात. हे मला तिच्याकडून कळलं.

ती म्हणाली, "पोरीनंच हट्टानं तिथं ठेवल्यात, असं भावजींनी सांगितलं. तुझं मन मोडंल म्हणून मी गप राहिले."

मामा, माझ्या माश्यांचं तुम्ही कुंपण केलंत. का?

करिश्मा

टिटवाळा, २१ डिसेंबर

चि. करिश्मास अ. आ.

माश्या चावतातच. घरातलं घरात ठेव. वाट बंद झाली तर जागेला भाव येईल, त्यात तुझ्या आईचाही वाटा आहे. पेट्या हलवू नकोस. लहानपणी तुला खांद्यावर मीच फिरवलंय, विसरू नको.

तुझा मामा

कोपरी, १९ जानेवारी

काळुराममामा,

विसरले नाही, म्हणून तर जास्त लागलं.

पेट्या थोड्याच अंतरावर नेल्या तर माश्या जुन्या जागी परततात, म्हणून काही आठवडे मुरबाडला मैत्रिणीच्या शेतावर ठेवल्या. काल परत आणल्या, त्या तुळसामामीच्या परसात, शेवग्यामागे. जागा तिनेच दाखवली. मी भीतभीतच विचारलेलं. ती म्हणाली, माश्यांना काय ठाऊक, त्यांचं तोंड कुणी फिरवलं.

आईने तिचा वाटा बिल्डरला विकायला सही द्यायचं नाकारलंय. ते ती तुम्हाला स्वतः कळवेल.

काल आम्ही दोघी त्याच वाटेने विहिरीवर गेलो. तुम्ही ओट्यावर बसलेलात, हात वर केलात. मी पाहिलं. मामीने मान हलवून ओळख दिली. मला जमलं नाही.

करिश्मा