शिवणाच्या खोलीतला रेडिएटर

अॅस्टोरिया, २ जानेवारी

प्रिय अर्गिरो,

नवं वर्ष तुला आणि तुझ्या बहिणीला, कुलाला, सुखाचं जावो. गुडघे कसे आहेत? फ्लोरिडात आता कोट लागत नाही असं कुला फोनवर मुद्दाम मोठ्याने सांगते, तेव्हा ठीकच असतील. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. विचारपूस झाली. आता तुझ्या शिवणाच्या खोलीतल्या रेडिएटरबद्दल बोलू, कारण खोली तापवायची सोडून त्याने मला अगदी जेरीस आणलंय.

त्याचा व्हॉल्व दांड्यापाशी गळतो. आधी खाली वाडगा ठेवला, मग पातेलं, मग तुझं सूपचं मोठं भांडं. रागावू नकोस, घासून ठेवलंय. तरी पाणी जमिनीतून झिरपून खाली स्तमातियाच्या छतावर उतरलंच. इतक्या वर्षांची भाडेकरू, तोंडाने तक्रार करत नाही. जिना चढून येते आणि दारात उभी राहून सुस्कारे सोडते. त्यापेक्षा भांडलेली परवडली असती.

मी पाना घेऊन बसलो. घाईत तळघरातला बॉयलर बंद करायचा राहिला आणि नट सैल करताच वाफेने अंगठा भाजला. प्लंबरला बोलाव म्हणू नकोस. मी जिवंत असताना या घरात प्लंबर शिरला, तर कोपऱ्यावरच्या कॅफेत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळं गार होऊ दिलं, नट काढला, गळती अडवणारी आतली कुजकी दोरी खरवडून काढली, नवी गुंडाळली, नट आवळला. दुपारभर कोरडं ठणठणीत. संध्याकाळी पुन्हा टपटप सुरू. वर नळीत असा दणदणाट, की कुणीतरी आतून हातोडी मारतंय.

स्तमातिया शेवटी आत आली. वाकून व्हॉल्वची मूठ फिरवून पाहिली आणि म्हणाली, "पांडेलिस, हा अर्धाच उघडा आहे. कुणी ठेवला असा?"

मी म्हटलं, आपोआप झाला असेल.

"आपोआप? बाबा रे, खोली रिकामी आहे. पुरता बंद करून टाक, गळायचंच थांबेल."

हे काय मला ठाऊक नव्हतं? एकाच नळीतून वाफ वर येते आणि त्याच नळीतून तिचं पाणी खाली जातं. व्हॉल्व पुरता उघडा हवा, नाहीतर पुरता बंद. अर्धा ठेवला की पाणी आत अडकतं, ठोकतं, गळतं. आजवरच्या प्रत्येक भाडेकरूला मी हे ओरडून सांगत आलोय. आणि ऑक्टोबरात तू गेल्यावर मीच तो अर्धा फिरवला. रिकामी खोली कशाला तापवायची म्हणून बंद करायला गेलो आणि मध्येच हात थांबला. पुरता बंद केला असता, तर तू परत येणार नाहीस हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं.

जाताना तू जिन्यात कठड्याला टेकून म्हणालीस, "मला आता हा जिना चढवत नाही. तू चल माझ्याबरोबर." मी म्हटलं, या घरातून मी निघेन तो चौघांच्या खांद्यावरूनच. माणूस रागात काहीही बोलतो. पण तूही कमाल केलीस, खरंच निघून गेलीस.

काल स्तमातियाने नव्या वर्षाचा केक आणला. नेहमीसारखाच कापला. ख्रिस्ताचा तुकडा, घराचा तुकडा, मग माझा, तुझा, तिचा. ज्याच्या तुकड्यात नाणं, त्याचं वर्ष भाग्याचं; ते निघालं घराच्या तुकड्यात.

"घे," ती म्हणाली. "पुन्हा घरच जिंकलं."

ती हसत नव्हती.

ती गेल्यावर मी तो व्हॉल्व पुरता उघडला. दणदण थांबली, गळायचंही थांबलं. थोड्याच वेळात खोली इतकी तापली की खिडकी उघडावी लागली. तुझ्या मशीनपुढच्या स्टुलावर बसून राहिलो. इतके दिवस खटपट करून खोली उबदार केली, आणि तिच्यात बसायला तू नाहीस. मला फार एकटं वाटलं, अर्गिरो. घराची मला तशी काही पडलेली नाही, हे तिथे बसल्यावर कळलं.

तेव्हा आज सकाळपासून स्तमातियाच्या जावयाला बॉयलर शिकवतोय. मठ्ठ आहे. बाजूच्या काचेच्या नळीत पाणी कुठवर दिसलं पाहिजे हे सांगून सांगून माझा घसा बसला, तरी तो दर वेळी जास्तच भरतो. त्याला जमलं की आपला मजला त्याला आणि त्याच्या बायकोला देईन आणि तिकडची गाडी धरेन.

कुलाच्या घरात म्हणे एकही रेडिएटर नाही. मग मी दिवसभर करायचं काय? तिचा स्वयंपाकघरातला नळ गळतो असं तू म्हणाली होतीस. मी येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

घराचा नव्हे, तुझाच,
पांडेलिस