म्युरिअलताईची चौथाई सूट

शेफिल्ड
९ ऑक्टोबर २०११

ती. म्युरिअलताईस,
डेस्मंडचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोन केला की तुझ्या कानातलं यंत्र शीळ घालतं आणि तू मला कुत्र्यासारखं हाकलतेस, म्हणून लिहायला बसलो. घटस्फोटात ग्लेनिसने घर ठेवून घेतलं आणि मला इस्त्रीचं टेबल दिलं, हे तुला ठाऊक आहेच. ते टेबल घेऊन मी गेल्या महिन्यात एका भाड्याच्या खोलीत राहायला आलोय. घरात आणखी तिघं आहेत आणि तिघंही विद्यापीठात शिकतात. रूफस कायदा शिकतो, म्हणजे दुपारी उठतो आणि हरकती घेतो. टॅम्सिन नद्यांचा अभ्यास करते आणि न्हाणीघरातला नळ बंद करायला विसरते. न्गोझी डॉक्टर होणार आहे. तिने पहिल्याच दिवशी माझं ब्लडप्रेशर मोजलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मृत्युपत्राचा विचार करू लागलो.

फ्रिजमध्ये दुधाच्या चार बाटल्या, प्रत्येकीवर काळ्या शाईने मालकाचं नाव. दुसऱ्याच्या बाटलीतलं घोटभर घेतलं तरी खुनाचा तपास चालल्यासारखी चौकशी होते. माझ्या बाटलीवर रूफसने परस्पर ‘आजोबा’ लिहून टाकलंय.

सगळं बरं चाललं होतं, तोवर घरपट्टी आली. घरात नुसते विद्यार्थी असले की कौन्सिल घरपट्टी माफ करतं. मी पगारी बस ड्रायव्हर. मी पाऊल टाकलं आणि माफी गेली. घरमालक मिस्टर क्रॅबट्री म्हणतो की राहणाऱ्यांनी भरावी, मला काय त्याचं. मी घरात ढेकूण आणलेत अशा नजरेने पोरं पाहत होती. गंमत म्हणजे कौन्सिल विद्यार्थ्यांना माणसांत धरतच नाही. त्यांच्या हिशोबी या घरात मी एकटाच राहतो, म्हणून तुझ्यासारखीच चौथाई सूट मलाही. न्हाणीघरातला नळ कोण उघडा ठेवतंय मग, असं त्यांना विचारावंसं वाटतं.

काय करू ते सांग. मला इथून जायचं नाहीये. संध्याकाळी दार उघडलं की कुणीतरी ‘आलास का’ म्हणून ओरडतं, याची सवय लागलीय.

तुझ्या संधिवाताला माझा दंडवत. माया असावी, टोमणे बेताने असावेत.

तुझा,
डेस

—

मोरकँब
१४ ऑक्टोबर २०११

चि. डेस्मंड यास,
म्युरिअलचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सत्तावन्नाव्या वर्षी पोरासोरांत राहायला गेलास, आता निदान त्यांच्याइतका तरी वेडेपणा करू नकोस. कशावरही सही करायची नाही. लग्नाच्या नोंदवहीत केलीस तेवढी पुरे झाली.

आता नीट वाच. तुझ्या भावोजींच्या, माझ्या नॉर्मनच्या, भावाने इथे समुद्राकाठी खोल्या भाड्याने दिल्या होत्या, त्यामुळे हे रामायण मी रोज जेवताना ऐकलंय. चौघांनी मिळून एका करारावर अख्खं घर घेतलं असेल, तर घरपट्टी राहणाऱ्यांची. पण ज्याची त्याची खोली वेगळी, करार वेगळा, दाराला कुलूप वेगळं असेल, तर घरपट्टी घरमालकाची. तू एकट्याने तुझ्या एका खोलीचा करार केलायस ना? मग कौन्सिलला तसं कळव आणि क्रॅबट्रीला शुभेच्छा दे.

आणि एक. तिथे नाहीच जमलं तर ताईकडे जाऊ, असं मनात आणत असशील तर ते मनातच ठेव. मी घरात एकटी म्हणून मला चौथाई सूट मिळते. नॉर्मनने मागे ठेवलेल्या वस्तूंपैकी ज्यावरची धूळ पुसावी लागत नाही अशी ती एकच आहे. तुझ्यासाठी मी ती सोडणार नाही.

इथे सगळं ठीक. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बिंगो खेळायला जाते आणि पाद्री आकडे पुकारताना चुकतो तेव्हा त्याला सुधारते. संध्याकाळी टीव्ही मोठ्याने लावते. शेजारी तक्रार करतात, तेवढंच कुणीतरी दार वाजवतं.

गोळ्या वेळेवर घे. आशीर्वाद आहेत, सूट मात्र नाही.

म्युरिअल

—

शेफिल्ड
२ नोव्हेंबर २०११

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझ्या सांगण्याप्रमाणे कौन्सिलला कळवलं. त्यांच्याकडून एक बाई घर बघायला येणार आहेत. क्रॅबट्रीला हे कळल्याबरोबर तो नवा करार घेऊन धावत आला. चौघांनी एकाच कागदावर सह्या करा, म्हणे, नुसती औपचारिकता आहे, आणि सोबत बिस्किटांचा डबा. रूफसने पेन काढलंच होतं. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण करार वाचण्याचा विषय बहुधा तिसऱ्या वर्षाला असावा. मी पेन काढून घेतलं. बिस्किटं ठेवून घेतली.

पण ताई, मी एक घोटाळा करून बसलोय. टॅम्सिन आठवड्यातून दोनदा किल्ली आत विसरून स्वतःच्या खोलीबाहेर अडकायची. तेव्हा मी चांगुलपणाने चारही दारांची कुलपं काढून टाकली. मग स्वयंपाकघरात एक लांब टेबल बसवलं. रविवारी मी मटण आणि बटाटे भाजतो, यॉर्कशायर पुडिंग करतो, सगळे एकत्र जेवतात. आणि हे दूध तरी कशाला चार-चार, म्हणून एक मोठी बाटली आणायला लागलो. तिच्यावर नाव नाही.

आता क्रॅबट्री म्हणतो की बघा, एकत्र जेवतात, दाराला कुलपं नाहीत, दूधसुद्धा एक, हे तर एकच कुटुंब. कौन्सिलच्या बाईंना तो हेच दाखवणार आहे. आम्ही एकमेकांचे कुणी नाही, हे मला आता सिद्ध करून दाखवायचंय. घरपट्टी आमच्यावर आली तर ती भरण्याइतका पोरांकडे पैसा नाही आणि माझ्याकडे ग्लेनिसच्या वकिलाने काही ठेवलेलं नाही. मग मला निघावंच लागेल.

उत्तर लवकर पाठव. स्वस्तातलं तिकीट लावू नकोस, ते चालत येतं.

तुझा गोंधळलेला,
डेस

—

मोरकँब
५ नोव्हेंबर २०११

चि. डेस्मंड यास,
आशीर्वाद, तूर्त राखून ठेवलेले.

महागाचं तिकीट लावलंय, ते पैसे तुझ्याकडून घेईन.

कुलपं काढलीस. घरमालकाचं काम सोपं करणारा असा भाडेकरू त्याला दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. आजच्या आज कुलपं बसव. दुधाच्या चार बाटल्या आण, नावं मोठ्या अक्षरांत घाल. टेबलावर एकत्र बसू नका. जिन्यात भेटलात तर मान हलवून पुढे जा. परक्यासारखं वागणं जमणार नाही असं म्हणू नकोस. ग्लेनिसबरोबर शेवटची दहा वर्षं काढलीस ना, तसंच या तिघांशी वाग. तेवढा अनुभव पुष्कळ झाला.

आणि त्या दिवशी मटण भाजू नकोस. वासाने कुटुंब वाटतं.

म्युरिअल

—

शेफिल्ड
२४ नोव्हेंबर २०११

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो. कसं ते ऐक.

कुलपं बसवली, बाटल्या आणल्या. चौघांनी बसून तालीमही केली, त्यात हसून हसून टॅम्सिनला उचकी लागली. बाई आल्या. मिसेस ओक्स नाव, पायात साधे, सपाट बूट. मागोमाग क्रॅबट्री. मी ठरल्याप्रमाणे जिन्यात रूफसकडे बघून मान हलवली. त्याने माझं नाव काय म्हणून विचारलं. इतकं करायचं ठरलं नव्हतं. मी त्याला म्हटलं की आपली ओळख नाही, आणि त्याच्या अंगात माझा स्वेटर.

बाईंनी फ्रिज उघडून चार बाटल्या नीट पाहिल्या. ‘आजोबा’ वाचून त्यांच्या भुवया वर गेल्या, मी म्हटलं आडनाव आहे. एवढ्यात न्गोझी तिच्या खोलीतून ओरडली की डेस, गोळी घेतलीस का, आणि काल रात्रीसारखं खोटं सांगू नकोस. मग पाच मिनिटांनी स्वतः पाण्याचा पेला घेऊन आली आणि बाईंसमोर उभं राहून मला गोळी गिळायला लावली. तिला वाटलं होतं बाई गेल्या. क्रॅबट्रीचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. मी म्हटलं आता संपलं.

बाईंनी चहा मागितला. टेबलाशी बसून चौघांचे करार वाचले. चार वेगळे करार, चार वेगळ्या तारखा, प्रत्येकात एकच खोली. मग त्या क्रॅबट्रीला शांतपणे म्हणाल्या की कोण कुणाला गोळ्या देतं यावर कौन्सिल घरपट्टी ठरवत नाही, करार तुम्हीच असे केलेत, तेव्हा घरपट्टी तुम्हीच भरायची. आणि मला म्हणाल्या की तुमचं नाटक फार वाईट होतं, पण चहा चांगला होता.

रविवारी दुप्पट मटण भाजलं. रूफसने भाषण केलं, सगळं श्रेय स्वतःला घेतलं. तुझ्या नावाने ग्लास उंचावले. पोरं तुला ‘मोरकँबची सरकारी वकील’ म्हणतात.

तुझं ऐकलं म्हणून वाचलो. माया आहेच, आज जरा जास्त आहे.

डेस

—

शेफिल्ड
३ डिसेंबर २०११

ती. ताईस,
शि. सा. न.

थोडक्यात लिहितो. क्रॅबट्रीने मला खोली सोडायची नोटीस दिलीय. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाहेर.

त्याने डोकं चालवलं. घरपट्टी आता त्याच्या खिशातून जाते. ती लागते माझ्यामुळे. मला काढून एखादा विद्यार्थी आणला की घर पुन्हा माफीत. मनात काही धरू नका, असं म्हणाला, आणि या खेपेला बिस्किटंसुद्धा आणली नव्हती. मी केस जिंकलो, ताई, आणि जिंकलो म्हणूनच जातोय. हरलो असतो तर घरपट्टी आमच्यावर आली असती, ओढाताणीने का होईना भरली असती, आणि तो गप्प बसला असता.

पोरांनी आकाशपाताळ एक केलं. रूफसने माझ्यासाठी मातीची भांडी करण्याचा पूर्णवेळ अभ्यासक्रम शोधून काढला, म्हणजे मीही विद्यार्थी. बस कोण चालवणार, ते त्याने पाहिलं नव्हतं. मग तिघांनी ठरवलं की क्रॅबट्रीची घरपट्टी आपणच गुपचूप वाटून द्यायची. टॅम्सिनने त्यासाठी सायकल विकायला काढली. मी नाही म्हटलं, जरा चढ्या आवाजात म्हटलं, आणि तिची सायकल परत घरात आणून ठेवली.

सट्ट्याच्या दुकानाच्या वरची एक खोली बघून आलोय. खिडकी भिंतीकडे आहे. एकट्या माणसाला पुरे. कौन्सिलच्या लेखी मी आधीही एकटाच होतो, आता खरोखर होईन, सूट तेवढीच. तू काळजी करू नकोस, तुझ्या चौथाईला माझ्याकडून धोका नाही.

डेस

—

मोरकँब
९ डिसेंबर २०११

चि. डेस यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, कुठलीही कपात न करता.

सट्ट्याच्या दुकानावर राहायला जाणार म्हणे. भिंतीकडे बघायचंच असेल तर माझ्याकडे चार आहेत, आणि एका खिडकीतून समुद्र दिसतो.

मी काल कौन्सिलला फोन केला. हो, फोन. यंत्र काढून ठेवलं आणि ओरडले. पलीकडच्या मुलीला सांगितलं की माझी चौथाई सूट बंद करा, या घरात दोन माणसं राहतात. दुसरं माणूस कधीपासून, असं तिने विचारलं. मी एक डिसेंबर सांगितलं. म्हणजे तू तिकडे पाय घासत बसलायस आणि इकडे तुझी घरपट्टी सुरूसुद्धा झालीय. खोटं बोलून कौन्सिलला जास्तीचे पैसे देणारी अख्ख्या लँकेशायरमध्ये मी पहिलीच बाई असेन. पैसे वाया गेलेले मला खपत नाहीत हे तुला ठाऊक आहे, तेव्हा फेब्रुवारीची वाट बघू नकोस. बस इथेही चालतात, आणि चालवणारे सगळे आंधळे आहेत.

एक सांगते, मग पुन्हा सांगणार नाही. तुला येऊ नकोस म्हटलं होतं ते त्या चौथाईसाठी नव्हतं. तू चार दिवस राहून परत गेला असतास, आणि नॉर्मन गेल्यानंतर या घराची शांतता अंगवळणी पाडायला मला फार वर्षं लागली. ती पुन्हा पहिल्यापासून शिकायची माझ्यात ताकद नाही. पण तुझ्या मागच्या पत्रातलं ते ‘पुरे’ वाचलं आणि स्वयंपाकघरात बसून रडले. पुरत नाही रे. तुलाही नाही आणि मलाही नाही.

नॉर्मनची खोली मोकळी केलीय. इस्त्रीचं टेबल आण, माझं मोडलंय. त्या तिघांना ईस्टरला घेऊन ये. विद्यार्थी मोजले जात नाहीत, त्यामुळे कितीही आले तरी मला फरक पडत नाही. गोळ्या द्यायचं काम मी न्गोझीकडून रीतसर समजून घेईन.

तुझी वाट बघणारी,
म्युरिअल

ता. क. फ्रिजमध्ये दूध आणून ठेवलंय. बाटली एकच आहे. तिच्यावर नाव घातलंस तर घराबाहेर काढीन.